भिंतीवर उडालेला सॉस

हे आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. सॉस करताना व्हिनेगरचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये पोचले. ऐंशीच्या दशकात तिथे मिक्सर फक्त शेजारच्या काकूंकडे, म्हणून सगळ्या बायका शिजवलेले टोमॅटो घेऊन तिथेच जमायच्या. होस्टेलला निघालेल्या दादासाठी आईला एक बाटली भरायची होती. घाईत तिने टोमॅटो गरमच मिक्सरमध्ये ओतले. झाकण उडालं, भिंत लाल झाली. आई रडवेली झाली.

"भिंतीलापण चाखू दे गं," म्हणत काकूंनी आपल्या पातेल्यातला डावभर सॉस तिला दिला. मग सगळ्यांनीच दिला. बाटली भरली.

सुट्टीत दादा म्हणाला, "आईच्या हाताची चव कुणालाच नाय." आई नुसती हसली. आता कळतं, त्या चवीत किती जणींचे हात होते.

तुमच्या घरी आली होती का अशी बाटली?