शेवटच्या कडव्यातलं नाव

माझी तिसरी कादंबरी एका गाणाऱ्या बाईची होती. गायन पार्टीत गाणारी आणि लग्नानंतर गाणं सुटलेली. ती कुणावरून सुचली हे घरात कुणी विचारलं नाही. आई लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मामाच्या पार्टीत गायची. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून त्यांचे कार्यक्रम असत. मी चार-पाच वर्षांची असताना तिनं ते सोडलं. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माहीतच आहे असं मी धरून चालले होते.

खर्डा पूर्ण झाला त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस वाचायला बंदी. सरकारी कचेरीत जन्मभर फायली वाचलेली बाई दोन दिवसांत कंटाळली. म्हणाली, "तुझं ते नवीन काय आहे ते वाच. झोप तरी लागेल."

मग येरवड्याच्या आमच्या घरात रोज दुपारी जेवणं झाली की मी वाचायची आणि ती काळा चष्मा लावून भिंतीला टेकून ऐकायची. अधूनमधून शेरे चालूच. "एवढी रडते का ही? आपल्याकडे नळाला नाही एवढं पाणी हिच्या डोळ्यांना." किंवा, "पेटीवाला असा मध्येच उठून जात नसतो." मी पेन्सिलीनं दुरुस्त करत पुढे जायची. इतके दिवस सलग आम्ही दोघी एकत्र कधी बसलोच नव्हतो.

अकराव्या प्रकरणात नायिकेचा नवरा तिची पेटी माळ्यावर टाकतो आणि आजपासून गाणं बंद म्हणून सांगतो. ते मी अगदी जीव ओतून लिहिलं होतं. वाचून झाल्यावर वर पाहिलं, तर आईनं चष्मा काढून हातात घेतला होता.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. कादंबरी आहे, आई."

"कादंबरी तुझी, पण नवरा माझा आहे ना? बस कंडक्टर, कमी बोलणारा, पान खाणारा. गल्लीत कुणीही ओळखेल."

"बाबांनी बंद नाही केलं, मग कोणी केलं?"

"मीच."

आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफलेलं असतं. पार्टीच्या सगळ्या गाण्यांत मामाचं नाव होतं. त्यातली कितीतरी मला लहानपणापासून पाठ आहेत. "निम्म्याहून जास्त माझी आहेत," आई म्हणाली. भाकऱ्या थापता थापता ती ओळी जुळवायची, मामा चाल लावायचा. त्याचं नाव तर ती स्वतःच घालायची. पार्टी त्याची, लोक त्याला ओळखणार, तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग हडपसरच्या पुढच्या एका गावात कार्यक्रम झाला. आईचं एक गाणं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत मंचावर आली, तिनं मामाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, बाईच्या मनातलं तुला कसं रं कळलं?"

मामानं हात जोडले. आई त्याच्या मागेच बसली होती, साथीला.

"मला वाटलं, आता सांगेल. नाही सांगितलं. पुढच्या कार्यक्रमाला मी गेले नाही."

बाबा पुढे कितीतरी दिवस विचारत राहिले. "जात का नाहीस? पोरीला मी सांभाळतो की." आईनं त्यांनाही खरं कारण सांगितलं नाही, भावाचा मान राहिला पाहिजे म्हणून. आणि मी पेटी माळ्यावर टाकणारा माणूस म्हणून बाबांना पुस्तकात घातलं होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मला पुढचं पान वाचवेना.

डोळे बरे झाल्यावर आई आपण होऊन म्हणाली, "रविवारी दादाकडे जाऊ." मामा लोणी काळभोरला मुलाकडे असतो. ऐंशी उलटलेली, कानानं जरा कमी. चहा झाला आणि आईनं सरळच विषय काढला.

"दादा, हिनं पुस्तक लिहिलंय. त्यात गाण्यांचं सगळं खरं येणार. चालेल ना तुला?"

मामा दारात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाला, "ती गाणी हिची हायेत. ध्यानात ठेव." आईकडे वळला. "त्या म्हातारीला तवाच सांगाया पायजे होतं. खाली उतरल्यावर लई वाटलं. पर मग तू आलीच न्हाईस."

"तुला घरी यायला काय झालं होतं?"

"लाज वाटली, बाय."

आईनं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

मग मामानं पेटी मागवली. म्हणाला, त्या गाण्यातलं नाव आत्ताच बदलू. पण त्याचं नाव दोन अक्षरी आणि आईचं चार. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ओळ ठेचकाळली.

"असं कोंबू नकोस रे," आई म्हणाली. "ओळच बदलावी लागेल." ती बोटांवर मात्रा मोजत बसली. पाच-दहा मिनिटांत नवी ओळ तयार! तिनं ती गाऊन दाखवली. वरच्या सुरावर आवाज फाटला तशी स्वतःच हसली, पण थांबली नाही. आपलं नाव तिनं पूर्ण म्हटलं. माझ्या आईच्या तोंडून तिचं नाव गाण्यात मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामानं पंच्यानं डोळे पुसले आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

अकरावं प्रकरण मी फाडलं. त्यापुढचंही बरंचसं गेलं आणि कादंबरीला आणखी एक वर्ष लागलं. आता तिच्यातला नवरा रोज संध्याकाळी बायकोला एवढंच विचारतो, जात का नाहीस. छापून आल्यावर आईनं ती स्वतः वाचली, चार दिवस लावून. मी समोरच घुटमळत होते.

"नवरा बरा जमलाय," ती म्हणाली आणि मेथी निवडायला घेतली.

मामाचा फोन आता दर रविवारी येतो. त्याला कमी ऐकू येत असल्यामुळे दोघं मोठमोठ्यानं बोलतात. मागच्या आठवड्यात एका नव्या गाण्यातल्या एका शब्दावरून अर्धा तास भांडण झालं. शब्द आईचाच राहिला.