उभ्या उभ्या

"उभ्या उभ्या येऊन जातो," असं नवऱ्यानं नलूला फोनवर सांगितलं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण सगळेच तसं म्हणतो आणि मग दोन तास बसतो. नलूनंही तेच धरलं. कॉलेजात असताना ती आणि मी एका खोलीत राहायचो. आता ती दापोलीजवळच्या एका गावात असते. आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर सतरंजी अंथरलेली होती आणि आतून घावनांचा वास येत होता.

नवरा चपलासुद्धा न काढता पायरीवरच थांबला. "नको नको, सूर्यास्त चुकेल. पोरांना समुद्र दाखवायचाय."

नलू हातातल्या उलथन्यासकट बाहेर आली. "अगंबाई, खरंच उभ्या उभ्या होय?" म्हणाली आणि हसली. ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीचं दार मी धाडकन ओढून घेतलं. समुद्र काय पळून जाणार होता? आजारी मावशीला भेटलो ते उभ्या उभ्या. शेजारच्यांच्या नव्या घरी गेलो तेही उभ्या उभ्या. मग बसलो कुठे आपण? या गाडीत! सगळी सुट्टी हिच्यात बसून काढली.

किनाऱ्यावर सूर्य अजून चांगला हातभर वर होता. पोरं पाण्याकडे धावली. नवऱ्यानं वाळूवर चादर पसरली, पाय लांब केले आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"बस ना गं," तो म्हणाला, "घाई काय आहे?"

मी उभीच राहिले.