सरांचे सव्वीस हजार गुण

माझ्या थोरल्या साडूंइतका माणसावर विश्वास टाकणारा गृहस्थ ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. त्या विश्वासाचं मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना छातीवर दडपण राहणार नाही. त्यांनी सहा वर्षं खपून जमवलेले विमानप्रवासाचे सव्वीस हजार पॉइंट मी एका रविवारी सकाळी, समोरचा चहा निवायच्या आत, घालवले. त्याहून वाईट म्हणजे, ते मी घालवले हे मी चार महिने कुणालाही सांगितलं नाही.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला डोंबिवलीत, कोपरला. तेहतीस वर्षं शाळेत गणित आणि मराठी शिकवल्यामुळे सगळं जग त्यांना सर म्हणतं, मीही म्हणतो. निवृत्त झाल्यावर कुणी कुंड्यांत मिरच्या लावतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेऊन शेजाऱ्यांचा अंत बघतं. सरांनी क्रेडिट कार्ड घेतलं. कार्डाने खर्च केला की बँक पॉइंट देते आणि ते पुरेसे साठले की त्यांवर विमानाचं तिकीट मिळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, विमानात कधी बसलेल्या नव्हत्या. मुलगी बंगळूरला असते, तिच्याकडे त्या दर वर्षी रेल्वेने जायच्या आणि पाठ धरून यायच्या. सरांनी ठरवलं, हिला विमानाने न्यायचं, आणि तेही कमावलेल्या पॉइंटवर. फक्त पॉइंट हा शब्द त्यांना पसंत नव्हता. ‘मराठीत त्याला गुण म्हणतात,’ ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात किराणा आला की चाळीस गुण पडायचे, गिझर दुरुस्त झाला की पासष्ट. यूपीआयने पैसे देणाऱ्यांची त्यांना कीव यायची. ‘त्याला गुण नाहीत. ती नुसती हजेरी.’

एकट्याच्या पेन्शनीत कितीसे गुण पडणार? म्हणून त्यांनी आसपासच्या सगळ्या खर्चांना दत्तक घेतलं. हॉटेलात बिल आलं की इतरांचे हात खिशाकडे जायच्या आत सर उभे. ‘थांबा. कार्ड माझं, रोख तुमची.’ बिल्डिंगमध्ये कुणाला फ्रिज घ्यायचा असला की, मुलगी बघायला घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यावं तसं, सरांना नेलं जायचं. ते दार उघडून आत डोकं घालायचे, बर्फाच्या कप्प्यावर टिचकी मारायचे आणि मग खिशातून कार्ड काढायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगळसूत्राचे पैसे सरांच्या कार्डावरून गेले आणि पेढीवाल्याने नवरदेवाचे वडील समजून त्यांनाच पेढा भरवला. ठाण्यात वर्तकनगरला माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डिस्चार्जच्या सकाळी बिलाच्या खिडकीशी सर माझ्याआधी हजर होते. मला जरा रागच आला, म्हटलं, हा माणूस इथेही गुण गोळा करतोय. पण त्याआधीचे नऊ दिवस ते कोपरहून रोज दुपारी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन येत होते, आणि खिचडीला गुण नव्हते.

सव्वीस हजार झाले तेव्हा त्यांनी मला फोन केला. ‘साडूभाऊ, निकाल लागला. तुम्ही या.’ मी ठाण्याच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या लेखी संगणकतज्ज्ञ होतो. खरं म्हणजे पॉइंट कसे वापरतात ते मीही आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. पण तसं म्हणालो नाही. बँकेचं पान उघडलं. त्यावर ‘ट्रॅव्हल’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि खाली विमानतळावर हसत उभं असलेलं जोडपं. हेच आपलं, असं मी मनात म्हटलं. सर चष्मा लावून मोबाईल उजेडाकडे धरून उभे होते. ओटीपी आला तसा त्यांनी शुद्धलेखन घालावं तसा एकेक आकडा सावकाश म्हटला. मी बटण दाबलं. अभिनंदन झळकलं. दहा दिवसांत घरपोच मिळेल, असंही झळकलं. ‘तिकीट घरी येतं?’ सर हरखले. ‘लग्नपत्रिकेसारखं?’ मी म्हटलं, हल्ली येतं.

आठव्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला. ‘तिकिटं आलीत. पण बरीच मोठी आहेत. दारातून आडवी करून घ्यावी लागली.’

संध्याकाळी मी कोपरला गेलो तेव्हा हॉलच्या मधोमध निळी ट्रॉली बॅग उभी होती. सरांनी ती उघडली, आत मधली बॅग. ती उघडली, आत छोटी. ताई पदराला हात पुसत बघत होत्या. सरांची श्रद्धा अजून शाबूत होती. त्यांनी छोट्या बॅगेचे सगळे कप्पे तपासले आणि शेवटच्या कप्प्यातून बोटभर पुडी बाहेर काढली.

‘हे काय?’

‘ओल धरू नये म्हणून घालतात, सर.’

‘म्हणजे तिकीट नव्हे.’

मी मोबाईलवर बँकेचा मेल काढला. ट्रॅव्हल सेट, नग तीन. तेव्हा कळलं. ‘ट्रॅव्हल’ खालचं ते जोडपं बॅगा दाखवत होतं आणि मी जोडपं बघितलं होतं. विमानाच्या तिकिटांचं पान आणखी एक बोट खाली होतं. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, संगणकतज्ज्ञाकडे बघावं तसे. आणि मी म्हणालो, ‘बँकेचा घोळ दिसतोय, सर.’

चार शब्द. पन्नाशी उलटलेल्या माणसाने इतकं घाबरायला नको होतं.

पुढचे चार महिने सर माझ्या बाजूने बँकेशी लढले. मी म्हटलं, जाऊ द्या, मी काढून देतो दोन तिकिटं. ‘शेजारच्याचं बघून लिहायचं? नको. जायचं तर आपल्या गुणांवर जायचं.’ त्यांच्या मते हे प्रकरण सरळ फेरतपासणीचं होतं, आणि फेरतपासणीत हरलेले सर कुणी पाहिले नव्हते. ते कस्टमर केअरला फोन लावायचे. बोलणं संपल्यावर तिकडून सेवेला एक ते पाच गुण द्या असं सांगितलं जायचं, तर सर तेही टाळत नसत. ‘उच्चार स्वच्छ, स्वभाव चांगला, पण उत्तर विषयाला धरून नाही. साडेतीन.’ साडेतीनचं बटण नसतं, यावरही त्यांनी एक पत्र पाठवलं. बॅगा वापरायला त्यांची सक्त मनाई होती. ‘मुद्देमाल आहे तो.’ लेबलासकट तो मुद्देमाल सोफ्याशेजारी उभा होता आणि जाईन तेव्हा ताई मला नेमकं त्याच्या शेजारी बसवायच्या.

ताई काही बोलत नसत, तेच अवघड होतं. पॉइंट पुरे झाल्याचं कळलं त्या आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोला फोनवर विचारलं होतं, ‘अगं, विमानात पिना चालतात का गं?’ तपासणीच्या दारात शिटी वाजते असं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्या बांगडीत तर गेली चाळीस वर्षं सेफ्टीपिनांचा घोस लटकलेला. आयत्या वेळी विसरायला नको म्हणून त्यांनी त्या तेव्हाच काढून डबीत ठेवल्या. बॅगा आल्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा पिना बांगडीत परत आलेल्या होत्या. चहाचा कप पुढे करताना वाजल्या.

गेल्या महिन्यात सरांनी बोलावलं. तिसरं पत्र तयार होतं, हे थेट वरच्या अधिकाऱ्यांना. त्यांचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं सुविचाराचं. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘सदर व्यवहार माझ्या साडूंनी केला असून ते या विषयातील जाणकार असल्याने त्यांच्याकडून चूक होणे असंभव आहे.’ खाली एक रेघ आखली होती.

‘साक्षीदार म्हणून इथे सही करा,’ सर म्हणाले आणि स्वतःचं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. ‘सर, बटण मीच चुकीचं दाबलं,’ मी म्हटलं. ‘बँकेचं काही चुकलं नाही. बॅगा आल्या त्याच संध्याकाळी कळलं होतं मला.’

सरांनी पत्र आपल्याकडे ओढलं. मग शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढून त्यांनी ‘असंभव’ या शब्दाखाली रेघ मारली. ‘तेहतीस वर्षं पोरांना एकच सांगत आलो, प्रश्न दोनदा वाचा. घरात तेवढं सांगायचं राहिलं.’ मग पेनाला टोपण लावत, ‘आणि चष्मा तर माझ्याच डोळ्यांवर होता.’

‘सर, मला माफ करा.’

‘माझी कसली माफी मागता? मी फक्त गुण मिळवले होते. विमान तिचं होतं.’ त्यांनी मानेने गॅलरीकडे खूण केली. ‘तिथे जा. आणि पाल्हाळ नको, थोडक्यात उत्तर.’

मी उठलो. मागे कात्रीचा आवाज आला. सर मोठ्या बॅगेचं लेबल कापत होते. गॅलरीत ताई दोरीवरचे कपडे काढत होत्या. कोपरच्या त्या गॅलरीतून संध्याकाळी विमानं खाली उतरताना दिसतात, अगदी खिडक्यांच्या दिव्यांसकट. एक चाललं होतं. ताईंचे हात सरांच्या सदऱ्यावर तसेच थांबले होते आणि मान वर होती. विमान बिल्डिंगमागे गेलं तशा त्या वळल्या, मला बघून हसल्या, बांगडीतल्या पिना वाजल्या.

‘चहा टाकू का हो?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘ताई, ते विमान मी चुकवलं तुमचं. बँकेने नाही, मी. आणि वर खोटं बोललो. माझं चुकलं.’