विहिरीजवळची डबी

गुडघे गेल्यापासून मला वावर फिरता येत नाही. धानोऱ्याच्या शिवारात माझी मिरची आहे, आणि मी जिवंत असेतो वावर बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, जाणार नाही, हे मी घरात सांगून ठेवले होते. म्हणून मुलाने वावरात सेन्सरच्या डब्या रोवल्या. मातीत ओल किती, ते सूनबाईच्या फोनवर दिसते. मी ओट्यावर बसून पाणी सोडायला सांगायचो.

डब्यांना तार नाही. एक डबी आपला निरोप पुढच्या डबीला देते, ती तिच्या पुढचीला. सगळ्यांचे निरोप शेवटी विहिरीजवळच्या डबीकडे येतात आणि ती ते घरी पोचवते.

सूनबाई म्हणाली, "आबा, ह्या डब्या दिनरात बोलतस. त्यास्ले थोडं झोपू द्या, नहीते बॅटरी मरी जाई."

"राखनदार झोपना ते वावर कोन राखी?"

"तुम्ही दुपारले घोरतस, तव्हय कोन राखस?"

मी हसलो नाही. तरुणपणी मी मचाणावर जागल केली आहे. राखणीला डोळा लागलेल्या माणसाला आमच्यात पुन्हा कोणी बोलवत नसे. डब्यांनाही मी तोच कायदा लावला.

सगळ्यांचे निरोप वाहून विहिरीजवळची डबी आधी मेली. बाकीच्या धडधाकट होत्या, पण त्यांचा निरोप आणणारे कोणी उरले नाही. नवी बॅटरी येईपर्यंत थांबा, असे सूनबाई म्हणाली. मी अंदाजाने पाणी सोडायला सांगत राहिलो. खालच्या अंगाला पाणी साचले, मिरचीला मर लागली. उभी झाडे माना टाकून गेली. सूनबाईने ती उपटून बांधावर टाकली.

मुलगा नंदुरबारहून रजा काढून आला. आता डब्या झोपतात, सकाळ-संध्याकाळ उठून निरोप देतात. विहिरीजवळ दोन डब्या ठेवल्या, सगळ्यांचे ओझे त्या आळीपाळीने वाहतात.

काम उरकून तो माझ्याजवळ बसला. "आबा, वावर बटाईले दी टाका आते."

"नही."

"एकला माणूसनं काम शे का हाई?"

मी विहिरीजवळच्या दोन डब्यांकडे पाहिले.

"वरला तुकडा तू देख," मी म्हटले. "रविवारले येत जाय. खालना मी देखसू."

तो बरं म्हणाला. मर लागलेल्या जागेत आता काय लावायचे, ते मी अजून कोणाला विचारलेले नाही.