मेश्राम सरांच्या वह्या

मेश्राम सर दर सोमवारी सातवीतल्या कुणाची तरी बोलणी खात, आणि ती खायला अगदी उत्सुक असत. आठवडाभरात जे वाचलं त्यावर ते आपल्या वहीत पानभर लिहीत आणि ती वही एखाद्या मुलाच्या हाती देत. मुलाने ती वाचून खाली प्रश्न विचारायचा. ‘सर, हीरो आपको पसंद नहीं आया, पर क्यों नहीं आया वो तो लिखा ही नहीं,’ असं एका मुलीने सुनावलं, तेव्हा सर ती वही स्टाफरूमभर दाखवत फिरले होते.

रायपुरातल्या गोल बाजारामागे आमची हिंदी माध्यमाची शाळा. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सरांचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याहून आलेले, मी रायपुरातल्याच ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. सर शिकवायचे भूगोल, पण वर्गाच्या कपाटात नकाशांपेक्षा गोष्टींची पुस्तकं जास्त. मुलांनी हवं ते उचलायचं आणि मनात येईल ते आपल्या वहीत लिहायचं. पुस्तक अर्ध्यावर सोडलं तर का सोडलं, तेही. सर खाली एकच प्रश्न लिहीत. ‘छान’ कधीच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “छान लिहिलं का पोट्टं तिथंच बसते, मॅडम. इचारलं का पुढं चालते.”

मला हे सगळे फाजील लाड वाटायचे. मी हिंदी शिकवते. चुकीची ओळ दिसली की माझा हात आपसूक लाल पेनाकडे जातो. सरांच्या पत्नीचं नागपूरला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि दोन आठवडे वह्या माझ्याकडे आल्या. सर जाताना एवढंच म्हणाले होते, की वाचा आणि एक प्रश्न लिहा. मी मात्र घरी बसून सगळ्या वह्या कसून तपासल्या, चुका दुरुस्त केल्या आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले.

खिलेश्वरी नावाच्या मुलीला मी चार दिले. सावत्र आईची गोष्ट तिने मध्येच टाकून दिली होती. लिहिलं होतं, ‘इसमें नई मम्मी खाना नहीं देती। मेरी नई मम्मी ऐसी नहीं है। इसलिए बंद कर दी।’ त्याखाली मी ठसठशीत लिहिलं, ‘पुस्तक पूरी पढ़ा करो।’

सर परतले, वह्या घेऊन बसले. मी शाबासकीची वाट बघत होते. त्यांनी मला नंतरच्या आठवड्याची तीन-चार पानं वाचून दाखवली. सगळ्यांची एकच ओळ: किताब बहुत अच्छी है, इससे हमें शिक्षा मिलती है. खिलेश्वरीचीही तीच, सुवाच्य अक्षरात, एकही चूक नाही.

“मॅडम, पोट्टे वाचून राहिले होते,” सर हळूच म्हणाले. “आता परीक्षा देऊन राहिले.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी मेहनत केली त्याचं हे फळ? पण ते चार गुणांचं पान पुन्हा वाचलं आणि मान वर करवेना. एक पोर आपल्या घरातलं सांगत होती आणि मी तिचे गुण कापत बसले होते. आता काय करू, असं मी विचारलं. सरांनी उलट मलाच विचारलं, की तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत? मी खरं ते सांगितलं, बी.एड.ला असताना.

“मंग हेच लिहा,” ते म्हणाले. “अन् त्या पोट्टीले द्या वाचाले.”

मुलांसमोर स्वतःची अशी शोभा करून घेणं माझ्या फार जिवावर आलं. मी चार दिवस टाळलं. सर रोज नुसते हसत, तगादा लावत नसत. शेवटी कपाटातलं एक पुस्तक घरी नेलं, नवी वही काढली आणि लिहिलं, की मी कित्येक वर्षांत एकही पुस्तक पूर्ण केलेलं नाही, आणि हेही नऊ पानांवर मिटून मी झोपले. दुसऱ्या दिवशी ती वही खिलेश्वरीच्या हाती दिली.

त्या मार्चमध्ये सर निवृत्त होऊन नागपूरला गेले. शाळेने शाल दिली, भाषणं झाली. वह्या ते माझ्यावर सोपवून गेले, आणि त्यांनी ती हिंमत केली ती केवळ खिलेश्वरीच्या उत्तरामुळे. माझ्या वहीत, माझ्या लिखाणाखाली, तिने लिहिलं होतं:

‘मैडम, नींद आई थी कि किताब ही खराब थी? सच-सच लिखिए, नंबर नहीं कटेगा। मैंने भी पिछली बार झूठ लिखा था। वो किताब मैंने खोली ही नहीं थी।’

मग मी खाली लिहिलं, ‘नींद आई थी। और तुमने अभी कौन-सी खोली है?’