बॅकअपरावांच्या घरचा कॉम्प्युटर

ऑफिसात त्यांना सगळे बॅकअपराव म्हणत आणि त्यांना त्याचा कोण अभिमान! चाळीस कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. एखादा प्रोग्राम काढायचा म्हटलं की आधी त्या माणसाला शेजारी बसवणार, "तुमच्या फायली कुठे आहेत, दाखवा," म्हणणार, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणार, ती उघडून बघणार, मगच हात लावणार. घाईगर्दी करणाऱ्याला असं झाडत, की बिचारा आठवडाभर माऊसला हात लावत नसे. हुशार माणूस, शंकाच नाही. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान!

घरी बायको अकरा वर्षं एका जुनाट प्रोग्राममध्ये चादरींच्या नक्ष्या काढत होती. दुपारची कामं उरकली की बसायची. "चाललाय तिचा टाइमपास," असं हे पाहुण्यांना हसत सांगत. यंदा एका कापडगिरणीने तिला बोलावलं. नक्ष्या पसंत पडल्या तर कायमची नोकरी. पन्नाशीला आलेल्या बाईला पहिलीवहिली नोकरी! आदल्या सकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या गिरणीत सगळं दाखवायचंय. प्रोग्राम सारखा अडकतोय, बघता का जरा?" आणि बाजारात गेली.

बघितलं ना! जुना काढला, नवा टाकला. काढताना मशीनने विचारलं, सोबतचं फोल्डरही काढू? यांनी बिनदिक्कत "हो" दाबलं. घरचा तर कॉम्प्युटर, त्यात असणार काय? असले जुने प्रोग्राम माणसाच्या फायली स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, हे ऑफिसात ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत.

ती आली, पिशवी टेकवली, बसली. नवा प्रोग्राम झटकन उघडला. आत काहीच नव्हतं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"माझ्या नक्ष्या कुठे आहेत?"

बॅकअपरावांनी तिच्या हातातला माऊस घेतला. संध्याकाळपर्यंत नाही नाही ते उपाय केले. पण पुसल्या जागेवर नवा प्रोग्राम ऐसपैस बसला होता. हाती लागल्या तीन, त्याही अर्धवट. तिने गिरणीत फोन केला, "उद्या जमणार नाही," एवढंच म्हणाली. कारण सांगितलं नाही. तिथेही मेलीने नवऱ्याचीच अब्रू राखली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "होत्या तरी किती?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चारशे बारा. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंत."