एक घर, एक पान

उधारीवरून मी आयुष्यात जेवढा भांडलो तेवढा बायकोशीही भांडलो नाही, आणि बायकोशी मी काही कमी भांडलेलो नाही. कोपरीत आमचं किराण्याचं दुकान होतं. आधी वडील बसायचे, मग मी बसलो. आता दुकान नाही. डोंबिवलीला मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसतो. खालच्या जनरल स्टोअर्समध्ये आवाज चढला की वरून न बघता सांगतो, हे उधारीचं आहे. वजनावरून भांडणारा माणूस तावातावाने बोलतो. उधारीवरून भांडणारा आधी हसून बोलतो, मग त्याचा आवाज फुटतो.

आमच्याकडे उधारीची मर्यादा रुपयांत नव्हती, पानात होती. एका घराला लाल वहीतलं एक पान. सामान नेलं की त्या पानावर एक ओळ. पान भरलं की सगळे पैसे चुकते करायचे, पानावर तिरपी रेघ मारायची, आणि मगच नवं पान. वडिलांचं म्हणणं असं की चार माणसांत कुणाला ‘तुमचे इतके रुपये झाले’ म्हणणं बरं दिसत नाही. ‘पान भरलं’ म्हटलं की ज्याचं त्याला समजतं, मागे उभ्या असलेल्याला काही कळत नाही. त्यात सभ्यपणा होता, नाही असं नाही.

पण वही बिनरेघांची होती, आणि खरी गोम तिथेच होती. पक्क्या पगाराच्या माणसाच्या पानावर वडील मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर काढायचे. चाळीस ओळी सहज बसायच्या. पिणाऱ्याच्या पानावर नुसतं ‘साखर १ किलो’ लिहितानाही हात असा मोकळा सोडायचे की बारा-तेरा ओळींत पान खलास. आकडा खोटा नाही, भाव खोटा नाही, कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. ‘माणूस बघून अक्षर काढावं,’ ते मला म्हणायचे. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. कॉलेजात शिकवतात त्यापेक्षा हे फारच भारी आहे, असं मला वाटलं होतं.

वडील गेल्यावर वही माझ्या हातात आली आणि तिच्याबरोबर भांडणंही आली. साबण आम्ही नेलाच नाही. नेला असेल तर तो लहान होता, तुम्ही मोठा लिहिलात. पोरीला तुम्ही दिलाच कशाला, मी पाठवली नव्हती. नवरा म्हणायचा बायकोला विचारा, बायको म्हणायची यांना विचारा. माजिवड्याला मोठाले मॉल झाल्यावर तर नवीनच तऱ्हा सुरू झाली. रोख पैसे असतील तेव्हा लोक सहकुटुंब तिकडे ढकलगाडी भरायला जायचे, आणि वीस तारखेनंतर आमच्याकडे यायचे. वर पुन्हा विचारायचे, ‘काय हो, तुमच्याकडे दोनावर एक फ्री नाही का?’ मी दमून गेलो होतो. माणसांचा कंटाळा आलेला दुकानदार गोड बोलतो, पण त्याची नजर पिशवीवर असते, माणसावर नसते. माझी तशी झाली होती.

दुकानामागच्या चाळीत एक वहिनी राहायच्या. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत, एक मुलगी शिकणारी. वहिनी मला ‘भाऊ’ म्हणायच्या. सगळ्याच बायका म्हणतात, पण त्या म्हणायच्या तेव्हा तो नुसता रिवाज वाटायचा नाही. माझ्या बायकोच्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू करून आणले होते आणि डबासुद्धा परत मागितला नव्हता. पैसे सात तारखेच्या आत. त्यांच्या पानावर मी पस्तीस-छत्तीस ओळी लिहायचो.

मग त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं. बातमी दुपारी आली, एका गिऱ्हाइकाच्या तोंडून. संध्याकाळी वहिनी नेहमीसारख्या आल्या, तूरडाळ अर्धा किलो आणि खोबरेल घेऊन गेल्या, आणि मी वहीत ओळ लिहिली. मोठी. ठरवून लिहिली असं माझ्याच्याने म्हणवत नाही. पण हात माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्या पानाचं काय झालं ते त्यांना कळायला फार दिवस लागले नाहीत. महिन्याची सतरा तारीख होती, शनिवार. दुकानात चार-पाच माणसं उभी होती. वहिनी यादी घेऊन आल्या. यादी मला अजून पाठ आहे. रवा, साखर, साजूक तूप, वेलची, बेदाणे, बासमती एक किलो. दुसऱ्या दिवशी मुलीला बघायला कल्याणहून माणसं येणार होती.

मी म्हटलं, ‘वहिनी, पान भरलं.’

‘असं कसं? महिना अर्धा कुठे झालाय.’

‘भरलंय खरं.’

‘मग थोडं खाली कोपऱ्यात लिहा ना, भाऊ. मी दोन घरी स्वयंपाकाचं काम धरलंय, सात तारखेला त्यांचे पैसे येतात. उद्या पाव्हणे आहेत हो.’

इथे मी लिहायला हवं होतं. खाली दोन बोटं जागा होती, आणि नसती तरी वहीत शंभर कोरी पानं होती. पण बाकीची माणसं बघत होती. एकाला सोडलं की सगळे कोपऱ्यात लिहायला सांगतात, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी म्हटलं, ‘नियम तो नियम.’

वहिनींनी काउंटरवरची वही स्वतःकडे फिरवली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने असं कधी केलं नव्हतं. वही दुकानदाराची, तिला कुणी हात लावत नसे. त्यांनी बोट ठेवून आपल्या ओळी मोजल्या. मग पुढचं पान उलटलं. ते त्यांच्याच चाळीतल्या, महापालिकेत कारकून असलेल्या शेजाऱ्याचं होतं. त्याच्याही ओळी मोजल्या.

‘त्यांच्या अडतीस. माझ्या सतरा.’

‘अक्षर काय, कधी लहान येतं कधी मोठं,’ मी म्हटलं.

त्यांनी पानं मागे चाळली आणि स्वतःचं गेल्या महिन्याचं पान काढलं. ‘इथे छत्तीस आहेत. कंपनी बंद झाली त्या दिवसापासून मोठं यायला लागलं का हो तुमचं अक्षर?’ मग त्या हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. ‘उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात. मला वाटायचं पोत्याचं सांगतात.’

चूक पकडली गेली की शहाणा माणूस गप्प बसतो. मी शहाणा नव्हतो. मला राग आला. ज्याचं आपण नुकसान केलंय त्याचाच राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुष्कळ उशिरा कळलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, ‘पटत नसेल तर दुसरं दुकान बघा.’

त्यांनी वही होती तशी माझ्याकडे फिरवून ठेवली आणि निघून गेल्या. यादी काउंटरवरच राहिली.

रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. पोहे आणि चहा झाला, असं मागाहून कुणाकडून तरी ऐकलं. ते स्थळ जुळलं नाही. शिऱ्यावरून लग्नं मोडत नाहीत हे मलाही समजतं. कारणं शंभर असतात, पत्रिका असते, उंची असते, बापाची सुटलेली नोकरी असते. पुढे दोन वर्षांनी त्या मुलीचं चांगलं लग्न झालं. पण तो रवा मी दिला असता तर निदान मला एवढी कारणं मोजत बसावी लागली नसती.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा वहिनी फळीसमोर उभ्या होत्या. त्यांनी आधी पैसे ठेवले, पानावरचे सगळे, सुट्ट्यासकट. कुठून आणले ते मी विचारलं नाही. ‘रेघ मारा,’ म्हणाल्या. मी रेघ मारली. मग त्यांनी आणखी एक नोट काढून काउंटरवर ठेवली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘दुकानदार, पाव किलो साखर.’

‘भाऊ’ गेलं ते गेलंच.

मला वाटलं होतं त्या दुसऱ्या दुकानात जातील. गेल्या असत्या तर बरं झालं असतं, मी विसरून गेलो असतो. पण त्या गेल्या नाहीत. पुढची बारा-तेरा वर्षं त्या माझ्याच दुकानात येत राहिल्या, आणि दर वेळी आधी पैसे ठेवायच्या, मग सामान मागायच्या. कधी मी म्हणायचो, ‘वहिनी, असू द्या, मागाहून द्या.’ त्या म्हणायच्या, ‘नको.’ एकदा मी मुद्दाम दोन रुपये कमी लावले, तर त्यांनी घरी जाऊन हिशेब केला आणि जिना उतरून परत येऊन दोन रुपये ठेवून गेल्या. शिवी दिली असती तर मी चार शिव्या परत दिल्या असत्या. ह्याला काय परत देणार?

मी सुधारलो, असं म्हणायला हरकत नाही. बिनरेघांच्या वह्या बंद केल्या, रेघांच्या आणल्या, सगळ्यांना मर्यादा सारखी. त्याने भांडणं दुप्पट झाली. जे इतकी वर्षं वेळेवर पैसे देत होते ते म्हणाले, त्या बेवड्याची आणि आमची लायकी एकच का? कारकून शेजारी तर महिनाभर आलाच नाही. मर्यादा पानात असो की रुपयांत, ती सांगणाऱ्याचं तोंड कडूच असतं. मी ते मान्य करून टाकलं.

शेवटच्या वर्षांत मी स्वतःच मालाची ऑर्डर मोबाइलवरून द्यायला लागलो होतो. घाऊक कंपनीने मला उधारीची मर्यादा लावून दिलेली. एका सकाळी ती अर्ध्यावर आलेली दिसली. आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली होती, तेवढंच निमित्त असणार. मी सेल्समनला फोन केला. म्हटलं, ‘अरे, एक बिल तरी थकवलंय का मी?’

‘नाही हो काका. पण सिस्टममध्ये कमी दाखवतंय. माझ्या हातात काय नाय.’

मी त्याला खूप बोललो. बोलता बोलता माझा आवाज फुटला, आणि फुटलेला तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा त्यांची क्षमा मागायची असं मी ठरवलं होतं. त्यांनी नोट ठेवली, मी अर्धा लिटर तेल दिलं, आणि त्या गेल्या. इतक्या वर्षांनी विषय कुठून काढायचा ते मला सुचलं नाही.

बिल्डिंग खाली करायची तारीख आली. दुकान आवरलं. थकलेल्या उधारीची तीन पानं होती, ती सोडून दिली, मागायला जायचं त्राण नव्हतं. बरण्या बांधल्या, काटा भंगारात दिला. शेवटच्या दिवशी फळीवर थोडं सामान होतं, तेवढं विकत बसलो होतो. दुपारी वहिनी आल्या. आता त्यांचेही केस पांढरे झालेत, जिना उतरताना कठडा धरतात. त्यांनी दोनशेची नोट काउंटरवर ठेवली आणि बोट ठेवलं.

‘तांदूळ दोन किलो. चहा. आणि दोन साबण.’

एकशे सत्त्याऐंशी झाले. मी गल्ला उघडला. गल्ला रिकामा. सकाळी मुलगा सगळी चिल्लर घेऊन गेला होता, हे मी विसरलो होतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘पप्पा, ऑनलाइन पाठवतो ना, नंबर द्या.’ वहिनींचा फोन साधा, त्यात तसलं काही नाही. चॉकलेटं पुढे केली, ती त्यांनी कधीच घेतली नव्हती, तशी आजही घेतली नाहीत. शेजारचा फुलवाला आधीच जागा सोडून गेलेला. मी म्हटलं, ‘एक साबण असाच घेऊन जा.’

‘नको.’

‘मग तेरा रुपये उद्या... उद्या तर दुकान नाही,’ मी म्हटलं आणि खाली बसलो. मला रडू येईल की काय असं वाटायला लागलं. तेरा रुपयांसाठी! आयुष्यभर दुसऱ्यांची उधारी मोजली, आणि जाताना ह्याच बाईचे पैसे अंगावर राहावेत.

वहिनी म्हणाल्या, ‘वही आहे ना?’

वह्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. मी सुतळी सोडली. सगळ्यात खाली वडिलांच्या वेळची एक अर्धी कोरी वही होती, लाल, बिनरेघांची. तिचं कोरं पान काढून मी चष्मा लावला.

‘लिहा. तेरा रुपये, माझे तुमच्याकडे.’

मी बारीक लिहायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण हाताला आता कंप आहे. अक्षर मोठं आलं, वाकडं आलं, तीन ओळींची जागा खाऊन बसलं. मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि मान वर केली नाही. म्हटलं, ‘वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला रवा द्यायला हवा होता.’

त्यांनी लिहिलेलं वाचलं. पिशवी उचलली.

‘द्या सावकाश,’ त्या म्हणाल्या. ‘अजून पान अख्खं रिकामं आहे, भाऊ.’